आवराआवर

पाळणाघराचं कुलूप गंजून बसलं होतं. शिपायाने आधी तेल सोडलं, मग किल्ली फिरवून पाहिली, मग कुलूप बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी हातोडा आणला. कुलूप तुटून खाली पडलं, तेव्हा मागे उभे असलेले साखरसाहेब म्हणाले,

“नवीन आणा. पण चकचकीत नको. रोज उघडतंय असं दिसलं पाहिजे.”

साखरसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शर्ट शिवणाऱ्या त्या कारखान्यात ते कामगार अधिकारी होते. कुणाला कामावरून काढायचं असलं तरी ते आधी ‘बसा, पाणी घ्या’ म्हणत, म्हणून शिलाईच्या बायकांनी त्यांचं असं बारसं केलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं.

दार उघडलं तसा आतून कोंडलेल्या रबराचा वास आला. कॉलरवाली झाडू घेऊन आत शिरली. कारखान्यात प्रत्येक बाईला तिच्या कामावरूनच हाक मारत. ही शर्टाला कॉलर जोडायची म्हणून कॉलरवाली, आणि तिच्या मागोमाग बादली घेऊन आलेली, काजं करणारी ती काजवाली. खऱ्या नावांची आठवण फक्त पगाराच्या दिवशी निघे.

खोलीत सगळं जागच्या जागी होतं, म्हणजे पिशव्यांत होतं. लाकडी घोडा प्लास्टिकच्या पिशवीत, चेंडू पिशवीत, ठोकळे पिशवीत. बाहुलीच्या केसांवरची जाळी अजून कुणी काढलेली नव्हती. मुलांच्या छोट्या गाद्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आणि प्राण्यांचं मोठं चित्र गुंडाळून त्याला रबर लावलेलं. वर्षातून एकदोनदा या खोलीला जाग येई. समुद्रापलीकडच्या ज्या कंपनीसाठी इथे शर्ट शिवले जात, ती फार हळव्या मनाची होती. आपले शर्ट शिवणाऱ्या बायकांची मुलं दिवसभर कुठे असतात, या काळजीने तिला म्हणे झोप लागत नसे, म्हणून ती तपासणीला माणूस पाठवी. शर्टाचा भाव ठरवायची वेळ आली की मात्र तिचं मन कुठे जाई ते कळत नसे.

“मुलं कोणकोणती आणायची ते मी सांगतो,” साखरसाहेब म्हणाले. “शेंबडी नकोत, रडकी नकोत. आणि कॉलरवाली, तुमची मुंगी तर हवीच. ती पोरगी म्हणजे आपल्या पाळणाघराची शान आहे.”

झाडू मारता मारता कॉलरवालीला बरं वाटलं. पोरीचं कौतुक कुणाला नको असतं? मुंगी चार वर्षांची झाली होती. दिसेल ते उचलून जागेवर ठेवायची तिला सवय होती, म्हणून आजीनेच तिला ते नाव दिलं होतं. मागच्या दोन्ही तपासण्यांना मुंगी आली होती. पहिल्या वेळी निघताना ती घोड्याच्या गळ्यात पडून बसली, सोडीना. तेव्हा कॉलरवालीने तिला समजावलं होतं, की वस्तू आपल्या नाहीत, पाहुणे आले की काढायच्या, पाहुणे गेले की जशा होत्या तशा ठेवायच्या. मुंगीने ते एकदाच ऐकलं. दुसऱ्या वेळी तिने बाहुलीसुद्धा पिशवीत नीट आडवी निजवली होती.

वर्षातले बाकीचे सगळे दिवस मुंगी कुलपात असे.

आजी होती तोवर हा प्रश्न नव्हता. पण धाकट्या जावेला दिवस गेले आणि तिची तब्येत नाजूक, म्हणून सासूबाई दिरांकडे गेल्या त्या गेल्याच. नवरा दूरच्या शहरात इमारतींना रंग देण्याच्या कामावर. तो पैसे पाठवी आणि फोनवर ‘सांभाळून घे’ म्हणे. सांभाळून घ्यायला कॉलरवालीला दोनच हात, आणि ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत मशीनवर. मग तिने खोलीतच काय ती व्यवस्था केली. काडेपेटी फळीवर, सुरी त्याहून वर. पाण्याचं भांडं हाताला येईल असं खाली. भात ताटलीने झाकलेला. कोपऱ्यात एक डबा, शी-शूला. बाहेर पडली की ती कुलूप लावी, दोनदा ओढून बघी, आणि शेजारच्या म्हातारीला सांगे, “मावशी, जरा कान असू द्या.” म्हातारीला एका कानाने ऐकू येत नसे आणि दुसऱ्या कानाचाही भरवसा नव्हता.

थोड्याच दिवसांपूर्वी मुंगी खिडकीतून बाहेर बघायला पिठाचा रिकामा डबा उलटा करून त्यावर चढली आणि पडली. संध्याकाळी कॉलरवालीने दार उघडलं तेव्हा पोरीचा ओठ फाटलेला, फ्रॉकवर रक्त वाळून काळं झालेलं. आणि पोरगी रडत नव्हती. रडून झालं होतं. जमिनीवर सांडलेलं रक्त तिने आपल्याच चड्डीने पुसून काढलं होतं आणि चड्डी घडी करून कोपऱ्यातल्या डब्याशेजारी ठेवली होती. कॉलरवालीने ती चड्डी उचलली, पण तिची घडी तिला मोडवेना. दुसऱ्या दिवशी सुट्टीत ती थेट साखरसाहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली होती.

“बसा, पाणी घ्या,” साखरसाहेब म्हणाले होते.

ते ऐकूनही ती बसली. “साहेब, ती खोली आहेच. खेळणी आहेत. फक्त उघडी ठेवा. सांभाळायला मी एक बाई बघते. आम्ही बायका मिळून तिला काहीतरी देऊ.”

“ताई, मला काय आनंद होतो का ती बंद ठेवून?” साखरसाहेबांनी पंखा तिच्याकडे वळवला. “पण मालकांचं गणित बघा. दर हंगामाला कंपनी भाव कापते. यंदा कापला, त्याच पत्रात खाली लिहिलंय, पाळणाघर असलंच पाहिजे. भाव कापणारं खातं वेगळं, पाळणाघर मागणारं खातं वेगळं. दोघं एकाच इमारतीत बसतात, पण एकमेकांशी बोलत नसावीत.”

“मग तुम्ही सांगा ना त्यांना. की एवढ्या भावात नाही होत.”

“सांगितलं की ते म्हणतात, हरकत नाही, दुसऱ्या देशात होतंय. आणि होतंय हे खरंय. तिथेही असंच पाळणाघर आहे, पिशव्यांतलं.”

साखरसाहेबांनी पुढे झुकून आवाज खाली आणला.

“पण एक सांगतो. या तपासणीत नीट पास झालो, तर वर्षभराची ऑर्डर मिळणार आहे. हंगामापुरती नाही, वर्षाची. मालकांनी मला शब्द दिलाय, ती मिळाली तर पाळणाघर रोज उघडं ठेवू. तुमच्या मुंगीसाठी म्हणा हवं तर.”

शब्द मालकांचा, तोही साखरसाहेबांच्या तोंडून. कॉलरवाली दुधखुळी नव्हती. पण दुसरा कुठला शब्द तिच्याकडे नव्हता, म्हणून तिने हाच धरून ठेवला. खरं पाळणाघर हवं असेल तर खोट्या पाळणाघराची साक्ष द्यायची, इतकं साधं होतं ते. तिने मनाशी ठरवलं की अशी साक्ष देऊ की ऐकणाऱ्याला शंकाही येता कामा नये.

तपासणीच्या आधीचा आठवडाभर तिने मुंगीला पढवलं. भात भरवता भरवता ती तपासणीवाली बाई व्हायची आणि विचारायची, “तू इथे कधी येतेस?”

“रोज.”

“काय करतेस?”

“खेळते. जेवते. झोपते.”

“आणि घरी एकटी असतेस का?”

मुंगी घास गिळून सांगायची, “नाही.” मग थोडं थांबून विचारायची, “आई, मी एकटी असते ना?”

“असतेस. पण सांगायचं नाही.”

“बरं,” मुंगी म्हणायची. तिला सांगितलेलं पटकन कळे.

तपासणीच्या दिवशी कारखान्याने जणू नवे कपडे घातले. आग लागली तर पळायचं जे दार एरवी खोक्यांच्या थप्पीमागे गडप असे, ते मोकळं झालं. संडासात साबण आला. प्रत्येकीच्या तोंडावर कापडी पट्टी आली. कापसाच्या बारीक तंतूंपासून जपण्यासाठी ती वर्षभर लावायची असते, हे अशाच दिवशी आठवे. लाईनीवर बसलेल्या बायका इतक्या शांतपणे शिवत होत्या, की काजवालीला स्मशानात आल्यासारखं झालं. तिला त्या दिवसापुरती पाळणाघरातली ‘ताई’ नेमली होती आणि अंगावर निळा अंगरखा चढवला होता. जन्मात तिने स्वतःचं पोर कधी मांडीवर घेऊन निवांत बसून पाहिलं नव्हतं, आता पगारी मांडीवर दुसऱ्याची दोन पोरं घेऊन ती बसली.

तपासणीला आलेली बाई तरुणच होती. कंपनीची नव्हे, कंपनीने ठेका दिलेल्या दुसऱ्या कुठल्या कंपनीची. दिवसभरात तिला आणखी कारखाने बघायचे असावेत, कारण तिच्या पायांना सूज आली होती आणि बसली की ती टेबलाखाली एक बूट हळूच काढून ठेवत होती. आधी आलेल्यांसारखी तिने नुसती दारं मोजली नाहीत, खिडक्यांवर हात फिरवून धूळ बघितली. कागदांकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघत होती. साखरसाहेबांना ते मुळीच आवडलं नाही.

पाळणाघरात एक आई हजर हवी, म्हणून कॉलरवालीला मशीनवरून उठवून आणलं होतं. ती दाराशी उभी राहिली. आत मुंगी घोड्यावर बसून झुलत होती, केस विंचरलेले, ओठावरची जखम भरलेली. बाकीची पोरं ठोकळ्यांत रमली होती. भिंतीवर चित्रातला हत्ती सोंड वर करून उभा होता. खोली इतकी खरी दिसत होती, की कॉलरवालीलाच क्षणभर वाटलं, हे असं रोज असतंच, आपल्यालाच माहीत नव्हतं.

तपासणीवाली बाई मुंगीपुढे उकिडवी बसली.

“तू रोज येतेस इथे?”

“हो. रोज. खेळते. जेवते. झोपते.”

“आणि सगळ्यात काय आवडतं?”

हे पढवलेलं नव्हतं. पण मुंगीने आईकडे बघितलंही नाही. “घोडा,” ती म्हणाली. “याच्यावर चढलं तरी पडत नाही.”

बाई हसली. मुंगीच्या केसांवरून हात फिरवून ती उठली आणि साखरसाहेबांना म्हणाली, “छान आहे. चला, निघू या.”

साखरसाहेब बाईला वाट दाखवत दाराकडे वळले. काजवालीने मांडीवरची पोरं खाली उतरवली. आणि मुंगी घोड्यावरून उतरली.

तिने कोपऱ्यात कपाटामागे लपवलेल्या पिशव्या ओढून काढल्या. आधी घोडा. डोक्याकडून पिशवी चढवली, खालून गाठ मारायचा प्रयत्न केला, जमली नाही तेव्हा पिशवीचं तोंड घोड्याच्या पोटाखाली खोचलं. मग बाहुली. तिच्या केसांवरची जाळी काजवालीने सकाळी काढून खिडकीत ठेवली होती, ती तिने आणली आणि बाहुलीच्या डोक्यावर बसवली. मग बाहुलीला पिशवीत आडवी निजवली. एका पोराच्या हातातला चेंडू काढून घेतला. पोराने भोकाड पसरलं. “आपला नाहीये,” मुंगी त्याला समजावणीच्या सुरात म्हणाली. मग ती ठोकळ्यांच्या पेटीवर चढली आणि भिंतीवरचं चित्र खालून गुंडाळायला लागली. चित्राचं रबर तिच्या मनगटात होतं. हरवू नये म्हणून तिने ते सकाळपासून तिथे जपून ठेवलं होतं.

कुणी तिला अडवलं नाही. अडवलं असतं तर ते आणखी वाईट दिसलं असतं.

“शिस्तीची आहे पोरगी,” काजवाली हसून म्हणाली, पण तिचं हसू कुणी उचललं नाही.

बाई दारातून परत आली. “आवरलंस का गं?”

“पाहुणे आले की काढायचं, पाहुणे गेले की ठेवायचं,” मुंगीने सांगितलं. इतक्या मोठ्या बाईला हे ठाऊक नसावं याचं तिला नवल वाटलं असावं. “तू आता जातेयस ना?”

बाईने साखरसाहेबांकडे वळून पाहिलं नाही. “मला या आईशी एकटीशी बोलायचंय,” ती म्हणाली. “नियम आहे तसा.”

सगळे बाहेर गेले. बाई मुलांच्या बुटक्या बाकावर बसली, समोरच्या बाकावर कॉलरवाली. मुंगी आईच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली, काम नीट झाल्याच्या समाधानात. कॉलरवालीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घुमत होती. वर्षाची ऑर्डर. रोज उघडी खोली. आपल्याच पोरीने ती पिशवीत घालून गाठ मारली.

“मी तुमचं नाव कुठे लिहिणार नाही,” बाई म्हणाली. “हे रोज उघडं असतं का?”

“रोज.”

“ताई.”

“रोज असतं,” कॉलरवाली म्हणाली. तिने पोरीचा खांदा घट्ट धरला.

बाईने वाकून सुजलेला पाय बुटात घातला. “मी जे बघितलं ते मला लिहावं लागणार,” ती म्हणाली. “त्यांनी त्याचं काय करायचं, ते माझ्या हातात नसतं.”

ती उठून दाराकडे गेली. तेव्हा कॉलरवालीच्या तोंडून शब्द निसटले. ठरवून नव्हे. जी आशा तिने इतके दिवस साखरसाहेबांच्या शब्दावर टांगली होती, ती तिथून सुटली आणि समोर दिसेल त्याला जाऊन धरली.

“बाई, तुम्ही लिहिलंत, तर ते रोज उघडायला लावतील का?”

बाईने वळून पाहिलं. खोटं पकडल्याचा आनंद तिच्या तोंडावर नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“लावायला हवं,” ती म्हणाली, आणि गेली.

त्यानंतरचे काही दिवस कॉलरवाली मोठ्या उमेदीत होती, हे आता सांगताना राग येतो. तिला वाटत होतं, कंपनीचं पत्र येईल. त्यात मालकाची चंपी असेल. ही एवढी मोठी कंपनी, जिचे शर्ट जगभरचे लोक घालतात, तिच्या एका शब्दावर एका खोलीचं कुलूप उघडायला कितीसा वेळ? तिने काजवालीला हळूच सांगितलंही, की बघ, पोरीच्या हातून झालं ते कदाचित बऱ्यासाठीच झालं.

पत्र आलं. साखरसाहेबांनी फाटकापाशी सगळ्यांना जमवून ते आपल्या भाषेत वाचून दाखवलं. आज त्यांनी कुणाला बसा म्हटलं नाही, बसायला जागाच नव्हती.

“‘मुलांच्या हिताच्या बाबतीत आमची कंपनी कसलीही तडजोड करत नाही. त्यामुळे या कारखान्याबरोबरचे सर्व व्यवहार आम्ही थांबवत आहोत. हा निर्णय घेताना आम्हाला अतिशय दुःख होत आहे.’”

“म्हणजे काय?” मागून कुणीतरी विचारलं.

“म्हणजे डबा उचला आणि घरी जा,” काजवाली म्हणाली.

“पण मुलांच्या हिताचं काय म्हणाले ते?”

“तेच. आता सगळ्यांच्या आया घरी. याहून मोठं हित कुठलं?”

कुणी हसलं नाही. बायका आपापले डबे घेऊन निघाल्या. मालकाला फारशी झळ लागली नाही. कारखान्याच्या अर्ध्या इमारतीत कुणाचं तरी गोदाम आलं आणि भाडं सुरू झालं. कंपनीलाही लागली नाही. तिने म्हणे आपल्या दुकानांतून मोठ्या अभिमानाने सांगितलं, की मुलांना दगा देणाऱ्या एका कारखान्याशी आम्ही संबंध तोडला. शर्ट घेणाऱ्यांना ते वाचून बरं वाटलं असेल. फाटकातून बाहेर पडताना काजवाली कॉलरवालीच्या शेजारून गेली आणि न थांबता म्हणाली, “पोरगी फार गुणी आहे गं तुझी.” त्या एका वाक्यानंतर त्यांच्यातलं बोलणं संपलं.

मग कॉलरवालीच्या खोलीचं दार दिवसभर उघडं राहू लागलं. मुंगीच्या आनंदाला पारावार नव्हता. ती उंबऱ्यावर बसे, गल्लीतल्या मांजराशी बोले, दर थोड्या वेळाने आत येऊन आई आहे ना हे बघून जाई. कॉलरवाली आसपासच्या कारखान्यांचे उंबरठे झिजवून येई, तेव्हाही पोरीला कडेवर घेऊन जाई. सगळीकडे एकच उत्तर मिळे, काम नाही. भात पातळ होत गेला. नवऱ्याने फोनवर विचारलं, “पण झालं काय नेमकं?” ती म्हणाली, “काही नाही, ऑर्डर गेली.” पोरीचं नाव तिने घेतलं नाही.

एके दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती. मुंगीने अंथरूण घडी केलं, कोपऱ्याला कोपरा जुळवला, वरून हात फिरवून सुरकुती काढली. मग आईची चप्पल नीट लावायला ती वाकली, आणि कॉलरवालीने तिच्या पाठीत धपाटा घातला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आजवर तिने पोरीवर हात उचलला नव्हता. मुंगी रडली नाही, आपलं काय चुकलं ते शोधत चपलेकडे बघत राहिली. मग तिने चप्पल उचलून पुन्हा वाकडी ठेवून पाहिली. कॉलरवालीने तिला ओढून छातीशी धरलं आणि तीच रडायला लागली.

नंतर एक दिवस साखरसाहेब दारात उभे. कारखाना बुडाला तरी ते तरंगले होते. मोठ्या रस्त्यापलीकडच्या नव्या कारखान्यात त्यांना तीच खुर्ची मिळाली होती.

“बसा, पाणी घ्या,” कॉलरवाली म्हणाली. आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. साखरसाहेबांच्याही आलं असावं, पण ते निमूट पेटीवर बसले आणि पेला हातात घेतला.

“कॉलरला हात हवाय. तुमचं नाव सुचवलंय मी.”

“कुणाचे शर्ट?”

“तेच.” त्यांनी घोटभर पाणी घेतलं. “माप तेच, कॉलर तीच. कंपनी आता सरळ कारखान्याशी बोलत नाही, मधे एक दलाल घातलाय. उद्या काही निघालं तर ते म्हणणार, आम्हाला माहीत नव्हतं. आणि दलालाचाही वाटा निघायला हवा, म्हणून मजुरी जरा खाली आहे.”

“जरा म्हणजे?”

त्यांनी सांगितलं. नाही म्हणायची सोय नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“पाळणाघर आहे?”

“आहे ना. तोच घोडा, त्याच गाद्या. मालक भंगारात देत होते, मी इकडे आणवलं.”

“रोज उघडं असतं?”

साखरसाहेबांनी पेला खाली ठेवला आणि त्याचं बूड पुसल्यासारखं केलं. “पुढच्या महिन्यात तपासणी आहे,” ते म्हणाले. “त्या दिवशी मुंगीला आणा. तिला सवय आहे, चांगलं बोलते. फक्त तेवढं आवरायचं नाही, असं शिकवा.”

दारात मुंगी उभी होती. “घोडा अजून पिशवीत आहे?” तिने विचारलं.

“हो तर. तुझी वाट बघतोय,” साखरसाहेब म्हणाले, गोड आवाजात, आणि उठले.

संध्याकाळपासूनच कॉलरवालीने शिकवायला सुरुवात केली. तिने जमिनीवर वाट्या, चमचे, कपड्यांच्या घड्या मांडल्या आणि पोरीला मधे बसवलं. “मी पाहुणी बाई. मी आता उठले. तू काय करायचं?”

मुंगीचा हात आपोआप वाटीकडे गेला. कॉलरवालीने तो धरला. “नाही. बसून राहायचं. खेळत राहायचं.”

“पाहुणी गेली तरी?”

“गेली तरी.”

“मग कोण आवरणार?”

“कुणीच नाही. साहेब मागून बघून घेतील.”

दुसऱ्या खेपेलाही हात गेला. तिसऱ्या खेपेला मुंगीने दोन्ही हात स्वतःच मांडीखाली दाबून धरले आणि ओठ घट्ट मिटून बसली. कॉलरवाली उठली, दारापर्यंत गेली, वळून बघितलं. पोरगी पसाऱ्यात बसून होती, एकही वस्तू हललेली नव्हती. इतक्या लवकर शिकली. “शाब्बास,” कॉलरवाली म्हणाली, आणि तिला पोरीच्या नजरेला नजर देववली नाही.

कामाच्या पहिल्या सकाळी तिने काडेपेटी फळीवर ठेवली, सुरी त्याहून वर. पाण्याचं भांडं खाली ठेवलं, भात झाकला, डबा कोपऱ्यात सरकवला. पिठाच्या ज्या डब्यावरून पोरगी पडली होती तो तिने बाहेर काढून ठेवला. आदल्या संध्याकाळचे वाट्या-चमचे अजून जमिनीवर तसेच होते. मुंगीने त्यांना हात लावला नव्हता.

“आवर हवं तर,” कॉलरवाली म्हणाली.

“नको. मी लक्षात ठेवतेय.”

शेजारच्या म्हातारीला सांगून ती परत आली आणि दार ओढून घेतलं. कुलूप लावत होती तेवढ्यात खिडकीच्या खालच्या गजांतून आवाज आला. बोटं दिसत होती, चेहरा तिथवर पोचत नव्हता.

“आई, पाहुणे आले की ती खोली उघडतात ना?”

“हो.”

“मग आपल्या घरी पाहुणे कधी येणार?”

“येतील,” कॉलरवाली म्हणाली. तिने कुलूप एकदा ओढून बघितलं, पुन्हा एकदा ओढून बघितलं, आणि उशीर नको म्हणून भरभर चालायला लागली.